चाकाखालचा बांध

अन्याय झाला तो चिंबोरखारच्या आगरी शेतकऱ्यांवर. १९५८ साली, शिमग्याच्या आदल्या दिवशी, सकाळच्या ओहोटीला, चिखलाच्या कडेला, सगळ्या गावादेखत. करणाऱ्याने बूटसुद्धा काढले नव्हते. हे आधीच लिहून टाकतो. ललित लेख म्हटला की वाचणारा पाय पसरून बसतो, आता धुकं येणार, आता फुलांचा वास येणार म्हणून. धुकं येईल. थंडीचे दिवस आहेत. पण त्या धुक्यात माणसं उभी आहेत, ती अगोदर बघून घ्या.

थंडी परतली आहे. रेवदंड्याच्या खाडीवर सकाळी वाफ तरंगते, होडीच्या कडेला हात लावला तर बोटं आखडतात, आणि वाळत घातलेल्या बोंबलांवर दव पडून त्यांचा वास जड होतो. भाताची झोडणी उरकली आहे. खारातल्या, खाडी अडवून शेती केलेल्या गावांमध्ये आता बांधाचे दिवस. घरटी एक माणूस बांधावर गेलाच पाहिजे, सुतक असलं तरी. चिकणमातीचे ढेपे फावड्याने कापायचे, हातोहात पुढे द्यायचे आणि शेवटच्याने ते बांधाच्या अंगावर आपटायचे. थप्, थप्, थप्. त्या आवाजाच्या तालावर एकमेकांच्या सासुरवाडीचा उद्धार चालतो. "हळू मार, बायको हाय का बांध हाय?" "बायकोला मारलं तर ती मना बांधात घालील." मैलभर लांबून ऐकू येतो हा थप् थप् आवाज. समुद्राला इतक्या शांतपणे दार लावणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

चिंबोरखारहून तो आवाज येत नाही. तिथे आपटायला बांधच उरलेला नाही.

पूर्वी होता. खाडीच्या तोंडापासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत, बाहेरच्या अंगाला तिवरांची झाडी, आतल्या अंगाला तांबडा राता. खाऱ्या मातीतला हा भात पिकला की गावावर लाल घोंगडी अंथरल्यासारखी दिसे, असं तिथली माणसं सांगतात. मी पाहिली नाही. मी गेलो तेव्हा तिथे मिठाने पांढरी फुटलेली जमीन होती आणि तिच्यात भरतीबरोबर आलेली मासळीची पिल्लं.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईआधी टेकडीवर मुंबईच्या एका शेठचा बंगला झाला. शेठकडे मोटार होती, पण मोटारीला रस्ता नव्हता. गावाकडे बांध होता. त्यावर खडी अंथरली, दोन्ही कडांना पांढरे दगड रोवले, झाला मोटाररस्ता. गावातल्यांना वेठीला धरून करवला. दुसऱ्याच्या पाठीवर गादी घातली की घोडा विकत घ्यावा लागत नाही. बांधात एक उघाडी होती. उघाडी म्हणजे बांधाचं दार: ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडणारं आणि भरतीला आपोआप मिटणारं. तिच्यावरून जाताना मोटार आदळे, मोटारीत बसलेल्यांच्या कपातला चहा सांडे. म्हणून उघाडी बुजवली आणि तिच्या जागी एक अरुंद मोरी बांधली. चहा सांडायचा थांबला.

एक गोष्ट रस्ता करणाऱ्या इंजिनियरला कुणी सांगितली असेल तरी त्याने ऐकली नाही. खडीवर चिकण धरत नाही. बांध खचला की गावकरी ढेपे आपटत, आणि ते ढेपे खडीवरून घसरून पहिल्या उधाणात वाहून जात. आपल्याच बांधाला आपलीच माती चिकटेनाशी झाली.

मग देश स्वतंत्र झाला. शेठने बंगला विकला. नवा रस्ता आतल्या बाजूने, कोरड्या जमिनीवरून गेला आणि मोटाररस्ता सोडून दिला गेला. सोडून दिला म्हणजे त्याच्या खालच्या बांधासकट. ज्या पावसाळ्यात स्वातंत्र्य आलं त्याच्या पुढच्या पावसाळ्यात समुद्र आला. वरून पाऊस, खालून उधाण, मोरी तुंबलेली. खांड पडली. बांधाला भगदाड पडलं की त्याला तिथे खांड म्हणतात. हा शब्द उच्चारताना चिंबोरखारची माणसं अजून आवाज खाली आणतात, घरातल्या मेलेल्याचं नाव घ्यावं तसा.

गावाने अर्ज केले: बांध दुरुस्त करून द्या. बरीच वर्षं केले. अठ्ठावन्नच्या शिमग्याआधीच्या थंडीत मी पत्रकं वाटत त्या भागात फिरत होतो, तेव्हा चांगूदादाबरोबर कचेरीत गेलो. चांगूदादा म्हणजे बांधावरच्या कामाचा पुढारी, उंच, वाकलेला, कान मोठे. साहेब तरुण होता, मराठी होता. गोरा गेल्यामुळे आता शिव्या द्यायलासुद्धा परका माणूस उरलेला नाही. साहेबाने नकाशा उलगडला.

"इथे खाजण दाखवलंय. खाजण म्हणजे पडीक, सरकारी. बांध होता, शेती होती, वरून मोटार पळत होती, हे सगळं तुमचं म्हणणं. फोटो आहे का?"

कारकून हसले. तो विनोद होता. बाहेर आल्यावर चांगूदादा म्हणाला, "फोटो लग्नात कारतात ना रं?"

"हो."

"मंग असंल. मोटार त्यांची नवरीच व्हती."

फोटो मिळाले मुंबईत, एका चांगल्या घरात. बाईंना शब्द दिला आहे म्हणून नाव लिहीत नाही. त्यांच्या सासऱ्यांना शेठच्या बंगल्यावर दर हिवाळ्यात आमंत्रण असे. दिवाणखान्यात तीन चौकटी ओळीने लावलेल्या होत्या. "आमचे मामंजी किती रुबाबदार दिसतात, नाही?" बाई म्हणाल्या. मी म्हटलं, दिसतात. "ही मागची माणसं कोण?" मी विचारलं. त्यांनी चष्मा लावला. त्या भिंतीसमोर संसार केलेल्या बाईंनी ती माणसं पहिल्यांदा पाहिली असावीत. "ही होय? ही तिथलीच," त्या म्हणाल्या, आणि चौकटी माझ्या हाती देताना काच जपायला सांगितली.

पहिल्या फोटोत दोन मचवे, शिडाच्या मोठ्या होड्या, जोडून त्यांच्यावर फळ्या टाकल्या आहेत आणि फळ्यांवर मोटार उभी आहे. कमरेइतक्या चिखलात माणसं दोर ओढताहेत. मागे डोंगर, त्याची खिंड आणि खिंडीखाली एक ताड. दुसऱ्या फोटोत मोटार बांधावर आहे, कडेला पांढरे दगड, मामंजींचा हात मोटारीच्या नाकावर, आणि डाव्या अंगाला पिकलेला भात, इतका जवळ की लोंब्या चाकाला लागताहेत. तिसऱ्यात मोरीच्या कठड्यावर बायका बसल्या आहेत, एकीच्या हातात छत्री, मागे नुसतं पाणी. फोटो काढणाऱ्याने मोटार जिथे आहे तिथे पुरती घेतली आहे. दोर ओढणारी माणसं गळ्यापाशी कापली आहेत.

ती थंडी आम्ही हे फोटो हातात घेऊन चिखलात काढली. माझ्या आयुष्यातली सर्वांत सुंदर थंडी होती, हेही कबूल करायला हरकत नाही. ओहोटी लागली की उतरायचं. पाय पोटरीपर्यंत आत जाई, बाहेर काढताना जमीन मोठा मुका घेतल्यासारखा आवाज करी. धुक्यातून डोंगराचं टोक आधी वर येई, मग खिंड, मग ताड. चांगूदादा पहिली चौकट दोन्ही हातांनी डोक्यावर धरी आणि हिराआय मागून ओरडे, "डावीकरं. अजून. आता बापसाच्या फोटोवानी सरल उभा ऱ्हा."

हिराआय गावातली म्हातारी. जीभ नारळ सोलायच्या पहारीसारखी. मला ती कधी नावाने हाक मारत नसे. "ए कागदवाल्या," म्हणे. फोटोतली दोर ओढणारी रांग मी तिच्यापुढे धरली आणि, काय सांगू, पत्रकात छापता येईल असं काहीतरी तिने बोलावं म्हणून वाट पाहत राहिलो. तिने चौकट तिरपी केली, सरळ केली.

"यात तुझा बापूस आहे का, आय?"

"मुंडकंच न्हाय, कसा वलखू? माझा नसंल तर दुसऱ्या कुनाचा बापूस असंल. वर्ती धर. काच वली व्हतंय."

जागा सापडत गेल्या. फोटोतल्यासारखी खिंड ताडाच्या डोक्यावर आली तिथे चिखलात फावडं घातलं तर दगडी धक्क्याच्या पायऱ्या लागल्या, कालवांच्या शिंपल्यांनी मढलेल्या. मोटार इथे उतरली होती. पुढे सरळ रेषेत फावडं खणखणलं: खडी. त्याच रेषेवर मोरीची कमान, तोंडापर्यंत गाळाने भरलेली, चिंबोऱ्यांनी घर केलेली. तिसऱ्या फोटोतला कठडा तोच, त्याच्या एका चिऱ्याचा उडालेला कोपरासुद्धा तोच. छत्रीवाली बाई जिथे बसली होती तिथे चांगूदादा बसला आणि त्याने विडी पेटवली. "इथं बसून त्यांनी काय खाल्ला असंल?" त्याने विचारलं. मग पुन्हा, "आमचं भात बगत बगत काय खाल्ला असंल?"

पण खरा पुरावा दुसरा फोटो. भात त्यातच आहे. आणि त्या फोटोत डोंगर नाही. उन्हाने आभाळ पांढरं पडलं आहे आणि मागचं सगळं पुसून गेलं आहे. डोंगर आहे तिथे भात नाही, भात आहे तिथे डोंगर नाही. भाताच्या फोटोला चिंबोरखारशी बांधणारी एकच खूण होती, ते पांढरे दगड: वर निमुळते, खाली रुंद, एका बाजूने सपाट घडवलेले. ते सापडले तर फोटो चिंबोरखारचाच ठरणार होता. बांधाच्या रेषेवर त्यातला एकही नव्हता.

हिराआयच्या दारात बसून मी हे सांगत होतो. सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले. मग तीच म्हणाली, "ऊठ. उंबऱ्यावर बसू नये. आनि उठलास तर बग, कशावर बसलावतास."

उंबरा निमुळता होता. एका बाजूने सपाट.

खांड पडल्यावर, रस्ता समुद्रात चालला असताना, गावाने दगड उचलून आणले होते. कुणाच्या उंबऱ्याला, कुणाच्या धुण्याच्या जागेला, एक देवळाच्या पायरीला. चोरी म्हणा हवं तर. समुद्राच्या तोंडातली चोरी. त्या उंबऱ्यांवर रोज सकाळी पाणी पडत होतं, हळदकुंकू लागत होतं. हिराआयची सून त्याच उंबऱ्यावरचं माप लवंडून घरात आली होती, आणि मापातला तांदूळ तेव्हा आपल्या शेतातला नव्हता.

राहत्या घराचा उंबरा उपटत नाहीत. उपटला तर ते घर मेलं. या गावाने तो उपटायचं ठरवलं. चर्चा फार झाली नाही. साहेब शिमग्याच्या आदल्या दिवशी पाहणीला येणार असा निरोप आला आणि माणसांनी पहारी घेतल्या. सून कोपऱ्यात उभी राहून रडत होती. "रडतंस काय," हिराआय म्हणाली, "जमीन आली की संगमरवराचा बसवू. तुझा बापूस देनार हाय." रडता रडता सून हसली.

त्या सकाळी साहेबाला आणायला मी रेवदंड्याला गेलो होतो. होडी वळणावरून आत शिरली आणि धुकं वर उचललं गेलं. समोर बांधाच्या रेषेवर दगड उभे होते, फोटोतल्यासारखेच, दोन्ही कडांना, आणि पांढरेशुभ्र. मला अभिमान वाटला. अजूनही वाटतो. आदल्या दिवशी गावातल्या बायकांनी शिंपले भाजून चुना केला होता, दगड घासून धुतले होते आणि एकेकाला चुना दिला होता. साहेब येणार होता. शिमगा होता. या दिवसांत खारातल्या गावांतून घरं, ओटे, तुळशीवृंदावनं सगळी पांढरी होतात. आणि फोटोत दगड पांढरेच होते, मग हे काळे कसे उभे करायचे?

साहेब बुटांसकट फळीवर चालत आला. त्याने एका दगडावर बोट फिरवलं. बोट वर धरलं. बोट पांढरं झालं होतं.

"ओला आहे," तो म्हणाला.

तिवरांत एक पाणकोंबडी ओरडत होती.

"हा रस्ता लढाईच्या आधीचा म्हणता. मला तर कालचा दिसतो."

"सायेब," हिराआय म्हणाली, "तुमच्या घरी पावना येतो तवा तुमी काय करताव? घर तसंच काला ठेवताव?"

साहेब हसला. मनापासून हसला, हे मी विसरत नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. "दगड कुठून आणलेत?"

"घरातनं," चांगूदादा म्हणाला. खोटं बोलायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

"मग रस्ता तुमच्या घरात होता, दादा." त्याने रुमालाने बोट पुसलं. चौकटी पाहिल्या. मोरी, खडी, पायऱ्या दाखवल्या, तर म्हणाला, खाजणात कुणीही धक्का बांधतो, त्याने शेती ठरत नाही. भाताचा फोटो लांब धरून बघितला. "छान आहे. पण कोकणात बांध काय थोडे आहेत? हा इथलाच कशावरून?"

आणि मग तो जेवला. गावाने त्याच्यासाठी भाकऱ्या केल्या होत्या, बोंबलाचं कालवण, भात. त्याने भात मागून घेतला. "तुमच्याकडच्या तांदळाला गोडी असते हां," म्हणाला, "खारातला तांदूळ तो." तो तांदूळ दुकानातून आणलेला होता. पंगतीला उभ्या असलेल्या एकाही माणसाने त्याला ते सांगितलं नाही. जेवत्या माणसाला बोलत नाहीत. माझ्या तोंडावर आलं होतं. हिराआयने माझ्याकडे असं बघितलं की मी पाण्याचा तांब्या उचलला.

दुपारी भरती आली. पौर्णिमेजवळचं उधाण ते, थांबणारं नव्हे. दगड बसवलेले नुसत्या चिखलात. आधी चुना गेला, पाण्यावर दुधासारखा पसरला. मग एकेक दगड कलला. माणसं धावली, काही ओढून आणले, पण उंबऱ्याचा दगड एकदा पाण्याने पाडला की तो पुन्हा दाराला लावायचा नसतो. दुसऱ्या दिवशी गावाची होळी पेटली. दारोदार उंबऱ्याच्या जागी खड्डे होते आणि बायका ते ओलांडून नैवेद्य घेऊन बाहेर येत होत्या. एक पाय आत, एक बाहेर, मध्ये काहीच नाही. माझ्या डोळ्यांपुढून हे जात नाही.

कागदावर चिंबोरखार खाजण ठरलं. सरकारी पडीक.

या थंडीत मी पुन्हा गेलो होतो. हिराआय आता घरातच असते. उंबऱ्याच्या जागी फणसाची फळी आहे, ती अजून कुणी पुजत नाही. "कागदवाल्या," ती म्हणाली, "भात नि डोंगर दोनी हायत तो फोटो गावला का?" मी नाही म्हटलं. "गावंल. मोटारवाले आपलं तोंड टाकून देत नसतात."

चांगूदादाने मला बाहेर नेलं आणि दाखवलं. जुन्या बांधाच्या आत, राता पिकत होता त्या जागेवर, बांबूच्या खुंट्या ठोकल्या आहेत आणि त्यांना लाल चिंध्या. मिठागर होणार आहे. पडीक जमीन कुणाला तरी भाडेपट्ट्याने द्यायची म्हणे. ज्याला मिळेल तो पहिल्याच वर्षी बांध बांधील, आणि बांधायला माणसं चिंबोरखारचीच लागतील, कारण ते काम दुसऱ्या कुणाला येत नाही. आपल्याच शेताच्या कडेला ते रोजावर ढेपे आपटतील. ज्या पाण्याने त्यांना भिकेला लावलं ते पाणी आता मोजून आत घेतलं जाईल आणि वाळवून विकलं जाईल. शिमग्यानंतर या पट्ट्यावरच्या गावाच्या हरकतीची शेवटची सुनावणी आहे; इथे शेती होती हे तिथे दाखवता आलं तर जमीन वाचेल. त्यानंतर काही नाही. जमीन एकदा मिठाखाली गेली की तिथे भाताचं नाव काढायचं नाही.

"थंडीत ऐकू येतंय मना," चांगूदादा म्हणाला. "पलीकरच्या गावचा बांध. थप् थप्. आमची पोरं इचारतात, कसला आवाज हाय."

आता तुमच्याकडे येतो. पाय पसरून बसला होतात ना, ते जवळ घ्या.

शेठच्या बंगल्यावर एकटे मामंजी जात नव्हते. दर हिवाळ्याला पाहुण्यांचा तांडा येई: वकील, डॉक्टर, व्यापारी, त्यांच्या बायका, मेहुण्या. दोन-चार जणांकडे कॅमेरे असायचेच. सगळे त्याच बांधावरून गेले, त्याच दगडांपाशी उतरले, त्याच मोटारीला टेकून उभे राहिले. त्यांच्यातल्या एकाने तरी सकाळच्या उन्हात, डोंगर मागे घेऊन फोटो काढला असेल. खिंड, ताड आणि पिकलेला राता एकाच काचेखाली. तो फोटो कुठेतरी आहे. तो माझ्या वाचकांपैकी कुणाच्या तरी घरात आहे, कारण असे फोटो ज्यांच्या घरांत असतात तेच असले लेख वाचतात.

उठा. दिवाणखान्यातली, माजघरातली, माळ्यावरच्या पेटीतली प्रत्येक मोटारीची चौकट खाली घ्या. आजोबांच्या मिशा बघू नका, त्या तुम्हाला पाठ आहेत. चाकाखाली बघा. कडेला निमुळते पांढरे दगड आहेत का, लोंब्या आहेत का, मागे खिंडीचा डोंगर आहे का. असेल तर शिमग्याच्या आत, काचेसकट, काच फुटली तरी चालेल, तो फोटो घेऊन रेवदंड्याच्या धक्क्यावर या. पलीकडे न्यायला चांगूदादा होडी घेऊन थांबलेला असेल. आणि ओळखलात तरीसुद्धा चौकट पुन्हा खिळ्याला अडकवून बसलात, तर निदान तिच्याखाली लिहून ठेवा की या फोटोतली जमीन आम्ही बुडवली.